पाटी नाही म्हणून बागेचा ट्रॅक्टर भंगारात घालू नका

जुन्या बागेच्या ट्रॅक्टरांबद्दलचा, म्हणजे लॉनवर चालवायच्या छोट्या ट्रॅक्टरांबद्दलचा, एक मजकूर बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींच्या जवळजवळ प्रत्येक गटात फिरून गेलाय. त्याचा सारांश असा: बॉनेटवर कंपनीच्या नावाची पाटी नसेल तर ट्रॅक्टर कुणाचा ते कधीच कळत नाही, एकदा कुणी त्यात फेरफार केले की पार्ट मिळत नाहीत, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, ६० पौंडांच्या खाली आलं की इंजिन संपलं, तरीही चालवायचाच असेल तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारी योजना) तारेनं बांधा, ताकद वाढते, नाहीतर किलोच्या भावानं देऊन मोकळे व्हा.

मला हा मजकूर चार जणांनी पाठवला, कारण पादरा गावाच्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीत असाच एक बिनपाटीचा ट्रॅक्टर आहे आणि तो चालतो. दरम्यान ओळखीच्या एका काकांनी मात्र हे वाचून आपला ट्रॅक्टर खरंच भंगारवाल्याला दिला. इंजिन हातानं फिरत होतं, तरी दिला. तेव्हापासून स्वस्थ बसवत नाही.

आधी पाटीचं बघू. पाटी असली तरी ती बनवणाऱ्याचं नाव सांगतेच असं नाही. आपल्याकडे मोठ्या वसाहतींच्या, कारखान्यांच्या लॉनसाठी आलेली जुनी छोटी यंत्रं बरीचशी अमेरिकन. तिथे सीअर्ससारखी दुकानं दुसऱ्याकडून ट्रॅक्टर बनवून घेऊन आपल्या नावानं विकायची. सीअर्सच्या मॉडेल नंबरातले पहिले तीन आकडे ९१७ असतील तर तो बहुधा रोपर कंपनीकडून आलेला, ५०२ असतील तर मरे कंपनीकडून. व्हील हॉर्स ही ट्रॅक्टर कंपनी १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सकडे गेली, १९८६ मध्ये टोरोकडे. कब कॅडेट हा ट्रॅक्टर मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टरचा, १९८१ पासून एमटीडीचा. रंगाबद्दल तर बोलायलाच नको, पन्नास वर्षांत कुणीही कुठलाही डबा ओतलेला असतो.

आणि ज्याच्यासाठी पार्ट शोधत आपण वणवण करतो ते इंजिन बहुतेक वेळा ट्रॅक्टरवाल्या कंपनीचं नसतंच. ते ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, कोहलरचं नाहीतर टेकम्सेचं असतं. गियरबॉक्स अनेकदा तिसऱ्याच कंपनीचा. म्हणून ‘हा ट्रॅक्टर कुणाचा’ हा प्रश्नच अपुरा आहे. इंजिन कुणाचं, गियरबॉक्स कुणाचा, चेसी कुणाची, असं वेगवेगळं विचारायचं. फेरफार केलेल्या यंत्राची ओळख अशी तुकड्यातुकड्यानं पटते, आणि पुरेपूर पटते.

माझा ट्रॅक्टर एका कारखान्याच्या लिलावातून आला तेव्हा त्याला रिक्षाची सीट होती आणि बॉनेट साध्या पत्र्याचं वाकवून केलेलं. इंजिनच्या पंख्यावरच्या पत्र्याच्या कव्हरवर हिरव्या रंगाचे तीन थर होते. थिनर आणि जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास घासल्यावर ठोकलेले आकडे वर आले: २४३४३४. ब्रिग्जचा हा नंबर नुसता अनुक्रमांक नाही, त्यातला प्रत्येक आकडा काहीतरी सांगतो. पहिले दोन, २४, म्हणजे २४ घनइंच, साधारण ३९३ सीसी. मग ३ ही रचनेची मालिका. पुढचा ४ म्हणजे आडवा शाफ्ट, फ्लोटचा कार्बोरेटर आणि यांत्रिक गव्हर्नर. नंतरचा ३ म्हणजे बॉल बेअरिंग. शेवटचा ४ म्हणजे पट्ट्यावर फिरणारा १२ व्होल्टचा स्टार्टर-जनरेटर. माझ्या यंत्रावर तर नुसती दोरी गुंडाळायची पुली होती! वाकून पाहिलं तर बाजूला रिकामा ब्रॅकेट लटकत होता. आता तिथे काय नाही, तेही त्या नंबरानं सांगितलं. शेजारच्या कोड नंबरातले पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढे महिना आणि तारीख. माझ्यावर ७१०४ अशी सुरुवात आहे, म्हणजे एप्रिल १९७१.

यावर एक रास्त शंका येते. कव्हर चार बोल्टांवर बसतं, मग तेच दुसऱ्या इंजिनाचं असेल तर? म्हणून मोजायचं. या इंजिनांचे वॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे हेड म्हणजे फक्त झाकण. बोल्ट काढले की उचलून हातात येतं. व्हर्नियर लावला: बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७७.८ मिलिमीटर, पिस्टनची वरखाली चाल ८२.५. हिशेब केला तर बरोबर २४ घनइंच. कव्हर त्याच इंजिनाचं निघालं.

बोल्टांनी पुढचं काम केलं. मकरपुऱ्यातल्या मिस्त्रींनी एका बोल्टाला पाना लावला आणि लगेच म्हणाले, ‘‘आ तो इंचनो छे, भाई.’’ डोक्यावर तीन रेघा असलेला बोल्ट म्हणजे अमेरिकन ग्रेड ५. डोक्यावर ८.८ लिहिलेलं असेल तर तो मिलिमीटरचा, म्हणजे आपल्याकडे बसवलेला. आम्ही खडू घेऊन मिलिमीटरच्या प्रत्येक बोल्टावर खूण करत गेलो. इंजिन आणि गियरबॉक्स जवळजवळ स्वच्छ राहिले, चेसीचा पुढचा अर्धा भाग खुणांनी भरला. फेरफार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, ते समोर दिसलं. तीन ठिकाणी मात्र कुणीतरी ५/१६ इंचाच्या भोकात ८ मिलिमीटरचा बोल्ट रेटून आटे घालवले होते. जाडी सारखीच वाटते, पण एकाच्या आट्यांतलं अंतर १.४१ आणि दुसऱ्याचं १.२५ मिलिमीटर. दोन-तीन आटे जातो, मग अडतो. तिथे जोर लावायचा नसतो.

पार्ट मिळत नाहीत, हे अर्धंच खरं. गियरबॉक्सचं आवरण फुटलं, आतले गियर तुटले, क्रँक गेली, तर खरंच अवघड आहे, ते मी नाकारत नाही. पण यंत्र उभं राहतं ते बहुतेक बेअरिंग, सील, पट्टा, ठिणगी पाडणारे पॉइंट नाहीतर तुंबलेल्या कार्बोरेटरमुळे. बेअरिंगवर ६२०५ लिहिलं असेल तर ते जगात कुठेही २५, ५२ आणि १५ मिलिमीटरचंच. ऑइल सीलचं माप बहुधा त्याच्यावरच असतं, नाहीतर शाफ्ट आणि भोक मोजून मिळतं. अर्ध्या इंचाचा पट्टा आपल्याकडे ए साइजचा म्हणून मागायचा. पॉइंट जाड कागदानं पुसून अंतर अर्धा मिलिमीटर ठेवलं की बऱ्याचदा ठिणगी परत येते. ज्या शहरात १८९० मध्ये कलाभवन निघालं आणि तिथून पिढ्यान्‌पिढ्या कारागीर तयार झाले, तिथे मोजून बुश करून देणारा लेथवाला मिळणार नाही असं कसं म्हणायचं?

कॉम्प्रेशनचा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण त्यात आकडा आहे आणि आकड्यावर माणूस विश्वास ठेवतो. कोहलरच्या अनेक के मालिकेतल्या इंजिनांत सुरू करताना एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) वॉल्व्ह मुद्दाम किंचित उघडा ठेवणारी योजना असते, म्हणजे दोरी ओढणं सोपं जातं. इंजिन मिनिटाला साधारण ६५० फेऱ्यांवर गेलं की ती सुटते. ब्रिग्जच्या पुष्कळ इंजिनांत हेच काम इनलेटचा कॅम करतो. अशा इंजिनाला गेज लावून हातानं फिरवलं तर आकडा कमी येणारच, चांगलं असलं तरी. ब्रिग्जसाठी साधी परीक्षा आहे. प्लगची वायर काढून बाजूला ठेवा आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, उलट दिशेनं झटक्यात फिरवा. ते जोरात परत उसळलं तर कॉम्प्रेशन आहे. माझं उसळलं नाही, मेल्यासारखं थांबलं. हेड तर काढलेलंच होतं एकदा, पुन्हा काढलं. एक्झॉस्ट वॉल्व्हच्या सीटवर काजळीचा कडक थर होता. पेस्ट लावून वॉल्व्ह घासले, फिलर गेजनं एक्झॉस्टचं अंतर ०.४५ आणि इनलेटचं ०.२० मिलिमीटर केलं. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हीलनं हाताला असा झटका दिला की मिस्त्री हसले. पिस्टन नाही, रिंग नाही, रिबोअर नाही.

राहिला गव्हर्नर, आणि इथे मी हात जोडून सांगतो. गव्हर्नर ताकद अडवून धरत नाही. भार आला की तोच थ्रॉटल पूर्ण उघडतो, भार हटला की मिटतो. तार बांधून तुम्हाला जास्त ताकद मिळत नाही, फक्त भार नसताना इंजिन सुसाट सुटतं. ही इंजिनं मिनिटाला जास्तीत जास्त ३६०० फेऱ्यांसाठी केलेली आहेत. ५४०० वर गेली तर वेग दीडपट होतो, पण पिस्टन कनेक्टिंग रॉडला जो हिसका देतो तो सव्वादोनपट. रॉड तुटून ब्लॉकच्या बाजूनं बाहेर आलेलं इंजिन मी पाहिलंय. भोकात माझी मूठ जात होती, आणि चालवणारा मुलगा त्या बाजूला उभा नव्हता एवढंच. खाली गवत कापायचं पातं असेल तर तेही तितक्याच वेगानं फिरत असतं.

ज्यांनी हा मजकूर वाचून तार बांधली असेल त्यांनी आजच सोडावी. स्प्रिंग हरवली असेल तर कुठलीही उचलून लावू नका, मॉडेल नंबरावरून तिचं माप काढता येतं. नंबर रंगाखाली असेल. थिनर आणि ब्रश घेऊन मी यायला तयार आहे.