‘व्हिडिओ गेम’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

सप्रेम नमस्कार.

फोर्कलिफ्ट ऑपरेटरच्या प्रशिक्षणाची सुरुवात सिम्युलेटरवर, म्हणजे खऱ्या यंत्राची पडद्यावर नक्कल करणाऱ्या यंत्रावर व्हावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. तिच्यात मुद्दे चार-पाच आहेत, परंतु ती सुरू होते ते वाक्य असे: ‘एसीत बसून व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला ऑपरेटर म्हणायचे असेल, तर आम्ही हातमोजे काढून घरी बसतो!!!’ मतभेदाला माझी हरकत नाही. तीन उद्गारचिन्हे ठोकून दुसऱ्याच्या कामाची खिल्ली उडवण्याला आहे. पुढे ‘लेखक कधी सीटवर बसला तरी आहे का’ असेही आपण विचारता, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

मी सहा वर्षे गोदामात फोर्कलिफ्ट चालवली आणि नंतरची अकरा वर्षे इतरांना शिकवतो आहे. मला मात्र कोणी शिकवले नव्हते. ‘कार येते ना? मग बस,’ एवढेच मुकादम म्हणाला होता, आणि कार येत होती हीच माझी अडचण ठरली. कारण कारची पुढची चाके वळतात आणि फोर्कलिफ्टची मागची, त्यामुळे डावीकडे वळावे तर पाठीमागचे काउंटरवेट (पुढच्या भाराला तोलून धरणारे वजन) उजवीकडे झपकन बाहेर येते. चौथ्या दिवशी ते रॅकच्या खांबाला लागले. खांब गुडघ्याच्या उंचीवर वाकला, वरच्या कप्प्यातले पॅलेट चार बोटे पुढे सरकले आणि तिथेच अडकले. खाली मालाचे चलन हातात धरून एक हमाल उभा होता; त्याने वर पाहिलेसुद्धा नाही. हीच चूक सिम्युलेटरवर करणारा शिकाऊ पडद्यावरचा वाकलेला खांब पाहतो, चरफडतो आणि तेच वळण एका सकाळीत वीस वेळा घेतो. आपल्या लेखी हा खेळ असेल.

आणि ‘खेळ’ या शब्दावरच आपला राग असेल, तर एडविन लिंक यांचे १९२९ सालचे वैमानिकांसाठीचे प्रशिक्षणयंत्र आठवावे. ऑर्गन बनवणाऱ्या घराण्यातल्या या माणसाने त्या वाद्यातलेच भाते वापरून ते डुलते केले होते, आणि सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळाले ते मुख्यतः करमणुकीच्या बागांचे. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपाल वाहण्याचे काम आले, केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा पुरेसा सराव नसलेले वैमानिक खराब हवेत एकामागून एक मेले, आणि मग त्याच लष्कराने ते ‘खेळणे’ विकत घेतले.

एक प्रश्न मीही विचारतो. क्षमतेच्या पाटीवर समजा ५०० मिलिमीटर लोड सेंटरला, म्हणजे काट्यांच्या उभ्या बाजूपासून भाराच्या गुरुत्वमध्यापर्यंतच्या अंतराला, ३,००० किलो लिहिलेले असते; खोके लांब असल्यामुळे तेच केंद्र ७०० मिलिमीटरवर गेले की ३,००० किलो झेपत नाहीत. त्यात मास्ट (काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा) वर ठेवून कोणी वेगाने वळला, तर गुरुत्वमध्य पुढची दोन चाके आणि मागच्या ॲक्सलचा मध्य यांच्या त्रिकोणाबाहेर जातो आणि यंत्र आडवे होते. बसून चालवायच्या यंत्रातून अशा वेळी उडी मारायची नसते. पट्टा लावलेला ठेवून, स्टिअरिंग घट्ट धरून, पडत्या बाजूच्या उलट कलायचे असते. हे खऱ्या यंत्रावर आपण कसे शिकवता? की पहिली संधी अपघाताच्या दिवशीच देता?

एक गोष्ट मान्य करतो. काही सिम्युलेटरांत लागणारा व्हीआर हेडसेट (आभासी दृश्य दाखवणारा चष्मा) डोळ्यांवर चढवल्यावर काहींना गरगरते, मळमळते, हे मी लिहायला हवे होते. लेखात तसे वाक्य घातले आहे. लक्ष वेधल्याबद्दल आभार.

बाकी सीटखालून जाणवणारा तोल सिम्युलेटरला कळवता येत नाही, चुकीची किंमत मोजावी न लागल्यामुळे भीती मरते, यंत्र महाग पडते, या तक्रारी नव्या नाहीत. सिम्युलेटरनंतर खऱ्या यंत्रावर, प्रत्यक्ष कामाच्या जागी, प्रशिक्षकाच्या नजरेखाली सराव हवाच, हे मूळ लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. आपण तिथपर्यंत पोहोचला होतात की नाही, ते आपणच जाणे. पुढच्या प्रतिक्रियेत उद्गारचिन्हे कमी असतील, तर याही मुद्द्यांवर अवश्य बोलू.