कासवाचा जीव आणि जाळ्याचा खर्च

वादाला निमित्त झालं मोबाईलवरचं एक चित्रीकरण. जाळ्यात कासव अडकलेलं, दोन खलाशी जाळं कापतायत, मग दोघं मिळून कासव उचलून पाण्यात सोडतायत. दापोलीच्या नाक्यावर संध्याकाळी जमणारी आमची मंडळी ठरलेली: वकील, हर्णैचा तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या, निवृत्त मास्तर आणि मी. त्या दिवशी बाजाराला आलेली आंजर्ल्याची बायही थांबली होती. ती गावात पर्यटकांची राहण्याजेवणाची सोय करते.

वकील म्हणाला, “सोडलं ते बरं केलं. पण आता नुकसानभरपाईचा अर्ज येणार. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याला सोडणं बंधनकारकच आहे. कायदा पाळला म्हणून कुणी पैसे देतं का?”

तांडेलाने चहाचा ग्लास खाली ठेवला. “जाळं कापलं म्हणजे काय झालं, माहिताय तुला? त्या ओढीची सगळी मासळी गेली. डिझेल जळलं ते जळलंच, बर्फ भरलेला तो वितळला. खलाशांचा पगार चुकत नाही. आणि फाटलेलं जाळं शिवेपर्यंत बोट बंदरात उभी. हे सगळं मी एकट्याने सोसायचं, आणि कासव मात्र सगळ्यांचं?”

भरपाईची योजना मला ठाऊक होती, म्हणून मधे बोललो. डिसेंबर २०१८ पासून राज्याचं मत्स्यव्यवसाय खातं आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष मिळून ती राबवतात. संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर पुरावा म्हणून काढलेले फोटो पाहून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. माझं म्हणणं असं की याला बक्षीस समजणंच चूक आहे. कासव वाचवायचा खर्च होतोच, प्रश्न फक्त तो कुणाच्या खिशातून जातो एवढाच. तांडेलाच्या एकट्याच्या खिशातून जाणार असेल, तर खोल समुद्रात, जिथे बघायला कुणी नाही, तिथे कायदा काय करणार?

“माझा आजा कासव जाळ्यात आलं की हळदकुंकू लावून सोडायचा,” तांडेल म्हणाला. “तेव्हा कुठे होता तुमचा कायदा?”

“आजाच्या वेळी इतके ट्रॉलर होते का?” वकील सोडेना. आणि त्याचंही खरंच होतं. कासवाला श्वास घ्यायला पाण्यावर यावं लागतं. ट्रॉलरचं जाळं तासन् तास ओढलं जातं. त्यात अडकलेलं कासव वर काढेपर्यंत बुडून मेलेलं असू शकतं, मग भक्ती कितीही असो.

मास्तर इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “किनाऱ्यावरही हेच भांडण होतं रे. वेळासला ते सुटलं कसं, ते आधी बघा.”

वेळास या किनाऱ्यावरच्या गावाची गोष्ट कोकणात सगळ्यांनी ऐकलेली असते, पण अर्धीच. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेची माणसं समुद्रगरुडांच्या घरट्यांच्या शोधात तिकडे फिरत होती. त्यांना वाळूवर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी गावातलीच माणसं उकरून खायला आणि विकायला नेत होती, उरलेली कोल्ही-कुत्री संपवत होती. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांना अंड्यांची जागा अचूक कळत होती, त्याच गावकऱ्यांना हाताशी धरलं आणि राखणीच्या कामाची मजुरी दिली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घराघरात पाहुणे जेवू-राहू लागले, वनखातं आलं. गावाला पैसा, संस्थेला संवर्धन, शास्त्रज्ञांना नोंदी, खात्याला काम दाखवता आलं. ज्याचा त्याचा हेतू वेगळाच राहिला आणि तरीही काम चाललं. मला यातलं हेच फार मोलाचं वाटतं. सगळ्यांच्या मनात सारखंच कासवप्रेम उपजेपर्यंत थांबले असते, तर आज वेळासला कासवं दिसली नसती.

“पण ते काम किती नाजूक असतं, ते बाहेरून कळत नाही,” बाय म्हणाली आणि तिने ते इतकं नीट सांगितलं की वकीलही गप्प बसला. पहाटे, उजाडायच्या आत, कासवमित्र, म्हणजे घरट्यांची राखण करणारा गावकरी, किनाऱ्यावर निघतो. मादी वर आल्याचा आणि परत गेल्याचा असे दोन माग वाळूत असतात. जिथे वाळू विस्कटलेली असते, तिथे काठी हलकेच टोचत जायचं. काठी एकदम सैल आत गेली की हात थांबवायचा. मग हाताने वाळू काढत दीड फुटाच्या आसपास खाली जायचं. शंभराच्या आसपास अंडी असतात, कधी जास्त. एकेक अंडं जसं असेल तसंच उचलायचं. वरची बाजू खाली होऊ द्यायची नाही, नाहीतर आतला जीव दगावतो. कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोलीचा, तोंड अरुंद आणि पोट रुंद असा मडक्यासारखा खड्डा खणून ती ठेवायची आणि तारखेची, संख्येची पाटी लावायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं येणार म्हटलं की वर टोपली पालथी घालायची आणि दिवसातून कितीदा तरी उचलून बघायची.

“आणि वाळू फार तापली तर सगळ्या माद्याच,” ती म्हणाली. “पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. आता उन्हाळा लवकर चढतो. आम्ही वर सावली करतो.”

वकिलाने पर्यटनाचा मुद्दा काढला: गर्दी, मोबाईलचे दिवे, किनाऱ्यालगत उभी राहणारी बांधकामं. बायने ते नाकारलं नाही. दोरीच्या आत घुसणाऱ्या पाहुण्याला तिनेच दोनदा बाहेर काढलंय. किनाऱ्यावर रात्री दिवे नकोत, यावर गावात अजून भांडणं चालतात. तिचं म्हणणं एवढंच की भांडण करायला गाव तरी जागेवर आहे. निर्णय मुंबईहून आला असता तर तेही झालं नसतं.

तांडेल तेच धरून बसला. “मग आम्हाला का नाही बोलावत? किनाऱ्यावरच्यांना मजुरी, पाहुणे, महोत्सव. समुद्रात जो कासवाला रोज भेटतो, त्याला फक्त नियम.”

इथे टीईडीचा, म्हणजे जाळ्यात आलेल्या कासवाला बाहेर काढणाऱ्या साधनाचा (टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस) विषय आला. ट्रॉलरच्या जाळ्यात, मासळी साठते त्या पिशवीच्या अलीकडे, पट्ट्यांची एक तिरकी चौकट बसवतात. कोळंबी पट्ट्यांमधून मागे जाते, कासव चौकटीला अडतं आणि तिथेच ठेवलेल्या वाटेने बाहेर पडतं. आपल्या ट्रॉलरवर ती सर्रास नाही, म्हणून २०१९ पासून अमेरिका भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेत नाही. तळ्यात वाढवलेली मात्र घेते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने इथल्या जाळ्यांना जुळेल अशी चौकट तयार केली आहे. तिच्या मते मासळीतली घट किरकोळ असते.

“किरकोळ कुणाला?” तांडेल म्हणाला. “आमची ओढ, आमचं पाणी, आमच्याकडचा कचरा. चौकटीत प्लॅस्टिक आणि लाकडं अडकली की मासळी बाहेरच्या वाटेने जाते. माझ्या बोटीवर हंगामभर लावा, शेजारी दुसरी बोट चौकटीशिवाय सोडा, लिलावात दोघांची मासळी तोला. आकडा माझ्यासमोर निघाला तर मी मानीन.”

मास्तर म्हणाले, हा शंभर टक्के शास्त्रीय प्रयोग झाला. मलाही तसंच वाटतं. मच्छीमार प्रयोग मागतोय, त्याला अडाणी विरोध म्हणून खाली बसवणं हा आपला करंटेपणा आहे.

वकिलाची शेवटची शंका अशी की एवढा खर्च आपल्या किनाऱ्यावरच्या मोजक्या कासवांसाठी का? ओडिशात लाखांनी येतात. मास्तरांनी उत्तर दिलं. २०२१ साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह टॅग लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली होती. म्हणजे तिथलं आणि इथलं असं वेगळं करताच येत नाही. वाटेत जितकी राज्यं, जितकी बंदरं, तितक्यांच्या जाळ्यांमधून त्या कासवाला सुखरूप जायचं असतं. एका गावाने कितीही जीव तोडून राखण केली तरी पुरत नाही.

“तर मग माझी जाळी त्या वाटेवर आहेत,” तांडेल म्हणाला, “मला बैठकीत खुर्ची द्या.”

वकिलाने भरपाईवरचं मत बदललं नाही, पण तुलनेच्या प्रयोगाचा अर्ज लिहून द्यायला तो तयार झाला. तांडेलाची अट एकच: चौकटीमुळे मासळी घटली तर हंगामाचा फरक कोण भरणार, हे अर्जात आधी लिहायचं. वकील म्हणाला, खातं ते मान्य करणार नाही. बाय म्हणाली, आमच्या मजुरीलाही आधी कुणी मान्यता दिली नव्हती. तेवढ्या एका ओळीवर दोघांचं रात्री नऊपर्यंत जुळलं नाही. उद्या बसून ती ओळ लिहायची आहे.