डोंगराचा भाकडकाळ कसा घालवावा

तुमच्या गावाला डोंगर असेल आणि तो वर्षातले तीन-चार महिने नुसता उभा राहत असेल, तर शरमेची गोष्ट आहे. थंडीत बर्फ पडतो, स्कीवाले येतात. उन्हाळ्यात पाठीवर पिशव्या बांधून चालणारे येतात. पण बर्फ वितळून वाटांचा राडा होतो तेव्हा, आणि पानगळीनंतर पुन्हा बर्फ पडेपर्यंत, अख्खं गाव चक्क झोपा काढतं. हॉटेलच्या दारावर हाताने लिहिलेला कागद : 'जूनमध्ये भेटू.' लिफ्टच्या खुर्च्या तारेवर रिकाम्या लोंबताहेत, एकीवर कावळा बसलाय, तोही फुकट. मालक बायकापोरांना घेऊन समुद्रावर गेलेला. अमेरिकेतल्या स्कीच्या गावांत या दिवसांना 'मड सीझन' म्हणतात. चिखलाला सीझन म्हणायचं आणि त्याला तिकीट लावायचं नाही, याला काय म्हणावं?

कोणी गवळ्याचा दाखला देईल, तर ऐकू नका. गाय व्यायच्या आधी दोन महिने तो तिचं दूध मुद्दाम आटवतो, तिला अंग धरू देतो. गवळ्याला दर तिमाहीला भागधारकांना तोंड दाखवावं लागत नाही, म्हणून ही चैन त्याला परवडते.

तुमचे आदर्श असावेत स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झचे हॉटेलवाले योहानेस बाद्रुट. त्या काळी पाहुणे आल्प्समध्ये यायचे ते उन्हाळ्यात. 1864 च्या मोसमाअखेर बाद्रुटनी आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली, अशी गोष्ट सांगतात : हिवाळ्यात येऊन बघा, नाही आवडलं तर प्रवासखर्च माझा. पाहुणे आले ते ईस्टरपर्यंत हलले नाहीत. बाद्रुटनी उन्हाळ्याला हिवाळा जोडून दिला. मधल्या दोन फटी बुजवण्याचं किरकोळ काम तेवढं तुमच्यासाठी ठेवलंय.

बर्फच पडत नाही, ही सबब सांगू नका. बर्फ फवारणारं यंत्र अमेरिकेत 1950 मध्येच निघालं. एका हेक्टरवर फूटभर थर द्यायला साधारण दहा लाख लिटर पाणी लागतं, एवढंच. डोंगरात खड्डा खणा, प्लास्टिकचं अस्तर घाला, ओढ्याचं पाणी वळवा. उन्हाळ्यात त्यालाच 'सरोवर' म्हणून काठावर बाकडी टाका. यंत्राला हवाही गार आणि कोरडी लागते आणि ती हल्ली वेळेवर येत नाही. मग स्वित्झर्लंडमधल्याच दावोसची युक्ती करा. तिथे हिवाळ्यात बर्फाचा ढीग घालतात, लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि थंडीच्या तोंडाशी उकरून पसरतात. वर्षाची बेगमी! चहूकडे तपकिरी गवत, मधून एक पांढरी पट्टी आणि तिच्यावरून ओळीने घसरत जाणारी माणसं. पायघड्या घातल्यासारखं दिसतं. फोटो काढताना कॅमेरा खाली धरायचा, बाजूचं गवत येत नाही.

उन्हाळ्याचं तर विचारूच नका. पूर्वी याच उतारांवर गाई चरायच्या. आता त्याच खुर्च्यांना सायकली टांगा. कॅनडातल्या व्हिसलरला 1999 पासून बाइक पार्क आहे. झिपलाइन टाका, रुळांवरून घसरणारी गाडी बसवा. अमेरिकेत सरकारी जंगलातल्या स्की-उतारांवर हे करता यावं म्हणून 2011 मध्ये खास कायदा झाला. झिपलाइन चालेल, सायकलींच्या वाटा चालतील, चेंडूऐवजी तबकडी फेकायचा फ्रिस्बी गोल्फही चालेल. साधं गोल्फ, टेनिस आणि पोहण्याचा तलाव मात्र चालणार नाही. (फ्रिस्बीने निसर्गाचं सान्निध्य लाभतं आणि चेंडूने बिघडतं, हे मला कोणीतरी एकदा समजावून सांगा.) पाऊस झाल्यावर दोन दिवस वाटा बंद ठेवा, म्हणजे सुकतील, असं वाटा राखणारे म्हणतील. त्यांना म्हणावं, चाकोऱ्या पडल्या की त्यालाच 'एक्स्पर्ट ट्रेल' म्हणा.

प्राण्यांच्या तक्रारी येतील. आल्प्समध्ये ब्लॅक ग्राऊस नावाचा एक पक्षी आहे. हिवाळ्यात तो बर्फात बीळ करून दिवसाचा बहुतेक वेळ आत बसून असतो. का, तर म्हणे ताकद वाचवायची! वरून स्की गेली की फडफडत बाहेर पडतो आणि साठवलेली ताकद उडण्यात घालवतो. आळस डोंगरात किती खोल मुरलाय, बघा.

हिमनदी आटत असेल तर गप्प बसू नका, तिचाही कार्यक्रम करा. फ्रान्समधल्या शामोनीला मेर द ग्लास नावाची हिमनदी आहे. 1988 मध्ये तारेवरच्या पाळण्यातून उतरलं की तीन पायऱ्यांवर बर्फ लागायचा. बर्फ खाली जात राहिला आणि लोखंडी पायऱ्या त्याच्या मागे मागे वाढत गेल्या, पाचशेच्या वर. वाटेत पाट्या होत्या : अमुक साली बर्फ इथवर होता. माणसं त्या पाट्यांपाशी थांबायची, कठड्याला टेकून दम खायची आणि मुलाला 1990 च्या पाटीशेजारी उभं करून फोटो काढायची. बोलिव्हियाच्या चाकालटायाला मात्र हे सुचलं नाही. पाच हजार मीटरहून उंच स्कीचा उतार, पण 2009 पर्यंत हिमनदीच संपली आणि हातात दुसरं काही नव्हतं.

राहता राहिली गावातली माणसं. बारमाही पाहुणे आले की घरं पाहुण्यांना भाड्याने जातात आणि बिछाने घालणारी, भांडी घासणारी मंडळी खालच्या दरीत राहायला जाऊन पहाटेच्या बसने वर येतात, नाहीतर गाडीतच झोपतात. त्यांच्याकडे सहानुभूतीने बघा. एवढा निसर्ग त्यांना बसच्या खिडकीतून फुकट दिसतो. मधल्या दिवसांत त्यांची लग्नं, ऑपरेशनं, घराची डागडुजी व्हायची, ती आता कधी करायची असं विचारतील. ऑनलाइन अर्ज भरायला सांगा.

डोंगराची, पक्ष्याची, भांडी घासणाऱ्याची अशी सगळ्यांची रजा रद्द करून झाली की एक अर्ज तरी उरतोच, रोपवेच्या तारेचा. शामोनीची एग्वी द्यु मिदी या शिखरावर जाणारी केबलकार 3,777 मीटरपर्यंत चढते आणि नोव्हेंबरात देखभालीसाठी काही दिवस बंद असते. तार तपासायची, घासलेले भाग बदलायचे, पुन्हा चाचणी घ्यायची. हा अर्ज मात्र बिनबोभाट मंजूर करा. त्या तारेला लटकलेल्यांनी तिकीट काढलेलं असतं.