बेटाची प्रदक्षिणा

सायकलवरून बेटाची प्रदक्षिणा करण्याची गळ मला ज्या मित्राने घातली, त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. नकाशावर बोट गोल फिरवत तो म्हणाला, "बेट गोल आहे आणि वारा एकाच दिशेने वाहतो. अर्धा रस्ता तो समोरून आला, तरी उरलेला अर्धा पाठीमागूनच येणार. हिशेब चुकता!" रस्ता एकूण २४० किलोमीटरचा, दिवस चार, माणसे बारा. तैवानला वळसा घालणारा सायकलमार्ग सुमारे ९७० किलोमीटरचा आहे, त्या मानाने हे अगदीच किरकोळ, असेही त्याने ऐकवले. मी होकार दिला, कारण भूमितीशी वाद घालण्याची सवय मला शाळेतही नव्हती.

वाऱ्याचा हिशेब चुकता होत नाही, हे मला पहिल्या दिवशी संध्याकाळी अंथरुणावर पालथे पडून केलेल्या गणितातून कळले. पालथे पडण्याचे कारण पुढे येईलच. समजा, वारा नसताना माझा वेग ताशी २० किलोमीटर आहे. समोरच्या वाऱ्यात तो १२ होतो आणि पाठच्या वाऱ्यात २८. दोन्हीकडे ३० किलोमीटर जायचे असेल, तर पहिल्या टप्प्याला अडीच तास लागतात आणि दुसऱ्याला तासाहून चारच मिनिटे अधिक. बिनवाऱ्याचे तीन तासांचे काम वाऱ्याच्या कृपेने साडेतीन तासांवर जाते आणि त्यातले अडीच तास आपण त्याच्या तोंडी असतो. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असताना आपणही १५ च्याच वेगाने जाण्याचा हट्ट धरला, तर अंगावर येणारी हवा वेगाने दुप्पट आणि विरोधाने चौपट असते. मित्राला हे गणित दाखवले तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही लेखक मंडळी फार विचार करता."

प्रदक्षिणा हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. त्या बेटावर वाहने डावीकडून चालत असल्यामुळे, समुद्र आपल्या बाजूला राहावा म्हणून आम्ही घड्याळाच्या काट्यांप्रमाणे निघालो होतो. अर्थात बेट उजव्या हाताला ठेवून, अगदी शास्त्रोक्त. मात्र शंकराला अर्धी प्रदक्षिणा चालते, बेटाला चालत नाही. अर्ध्यावरून परत फिरले, तरी अंतर तेवढेच भरते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बरोबर त्या अर्ध्याच्या बिंदूवर उभा होतो आणि मुक्काम गाठण्याचे दोन्ही मार्ग सारखेच लांब आहेत, ही जाणीव माझ्या पायांपर्यंत पोहोचली होती.

आता पालथे पडण्याबद्दल. निघण्यापूर्वी मी सीटवर घालायला गुबगुबीत जेलचे आवरण घेतले होते आणि पातळ, कडक सीटवर बसलेल्या इतर अकरा जणांची मनोमन कीव केली होती. परंतु सायकलवर माणसाचा भार बैठकीच्या दोन हाडांनी पेलायचा असतो. मऊ गादीत ती हाडे रुतली की तो भार आजूबाजूच्या नाजूक प्रदेशावर येतो, आणि त्या प्रदेशाची तक्रार चारचौघांत मांडता येत नाही. पॅडच्या चड्डीखाली दुसरे अंतर्वस्त्र घालायचे नसते, हेही मला दुसऱ्या दिवशी सांगण्यात आले. 'सगळ्यांना माहीतच असतं' या सदरात मोडणारी माहिती नेहमी एक दिवस उशिराच मिळते, असा माझा अनुभव आहे. हँडलवर सतत रेलल्यामुळे करंगळी आणि अनामिका बधिर झाल्या होत्या. त्या रात्री शर्टाचे वरचे बटण काढायला मला इतका वेळ लागला, की शेवटी मी शर्टातच झोपलो.

लोक विचारतात, बेट कसे होते? मी बेट पाहिले नाही. मी एका गृहस्थांचे मागचे चाक पाहिले. पुढच्याच्या आडोशाला चिकटून चालवल्यास श्रम पाव ते एक तृतीयांश वाचतात, पण त्यासाठी मधले अंतर चाकाएवढेच ठेवावे लागते आणि नजर हलवता येत नाही. उजवीकडे डोंगर होते म्हणतात. माझ्यासमोर सीटखाली बांधलेली एक काळी पिशवी होती. तिची चेन अर्धी उघडी होती आणि तिच्यातून निळ्या फडक्याचे टोक लोंबत होते. त्याला दोन तेलकट डाग होते, एक मोठा आणि एक बोटाच्या ठशासारखा. तिसऱ्या दिवशी वारा समुद्राकडून, म्हणजे डावीकडून आला, तेव्हा तो आडोसाही गेला. कडेच्या वाऱ्यात आडोसा तिरका मागे, वारा जातो त्या बाजूला मिळतो. आमच्या बाबतीत ती जागा रस्त्याच्या मधोमध होती आणि तिथे ट्रक होते.

त्याच दिवशी माझे चाक पंक्चर झाले. मी ट्यूब बदलली, हवा भरली, टाळ्याही मिळाल्या. दोनशे मीटरवर चाक पुन्हा बसले. अकरा जण सायकली आडव्या टाकून माझ्याभोवती उभे राहिले आणि प्रत्येकाने वेगळे निदान केले. तेव्हा त्या पिशवीच्या मालकांनी न बोलता निळे फडके बाहेर ओढले आणि टायरच्या आतून हळूहळू गोल फिरवले. एका जागी ते अडकले. आत पापणीच्या केसाएवढी बारीक तार रुतलेली होती. मला मात्र तारेपेक्षा फडक्याचेच दर्शन अधिक झाले. तब्बल तीन दिवसांनी ते पूर्ण दिसत होते.

चौथ्या दिवशी मित्राची भूमिती खरी ठरली. दुपारनंतर वारा पाठीवर आला आणि कानांतला घोंघाट अचानक बंद झाला. साखळीचा आवाज, टायरखालची वाळू, सगळे ऐकू येऊ लागले. वेग २९ वर गेला. खरे सांगायचे, तर त्या क्षणी मला वाऱ्याची आठवणही झाली नाही. चार दिवसांच्या सरावाने पायांत काय बळ आले आहे, असेच मला वाटले. मी गुणगुणू लागलो. एरवी रोज सर्वांत मागे असणारा मी आज एकटाच पुढे निघालो असेन, अशा समजुतीने मी मागे वळून पाहिले, तर मागे फक्त आमचे स्वीप होते. शेवटच्या माणसाच्या मागे राहायचे आणि त्याला कधीही ओलांडायचे नाही, एवढेच त्यांचे काम. चार दिवस त्यांनी ते माझ्या मागे राहून निष्ठेने केले होते.

"बाकीचे कुठे आहेत?" मी विचारले.

"मुक्कामावर पोहोचले असतील," ते शांतपणे म्हणाले. "वळण पाच किलोमीटर मागे राहिलं."

"मग हाक का नाही मारलीत?"

"चार दिवसांत पहिल्यांदाच तुम्ही खुशीत दिसलात," ते म्हणाले, "म्हटलं, थोडं जाऊ द्यावं."

आम्ही सायकली वळवल्या. वारा समोरच उभा होता.