1 स्टार दिलेल्या सरांना उत्तर: स्टेअरलिफ्ट रिपेअर का नाही केली

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. 8 महिन्यांपूर्वी स्टेअरलिफ्टच्या (जिन्याला बसवलेल्या रेलवरून माणसाला बसवून वर-खाली नेणारी खुर्ची) बॅटरीचे पैसे घेतले आणि आता त्याच माणसाने येऊन 10 मिनिटात "नवीन मशीन घ्या" सांगितलं, चालू मशीन बंद करायला सांगतात, नुसता विकायचा धंदा आहे असं तुम्ही लिहिलंय. मी तुमच्या जागी असतो तर मीही चिडलो असतो.

आधी आमची चूक सांगतो. जुनं सर्व्हिस कार्ड आज काढून बघितलं, त्यावर आमच्याच पोराने तेव्हा लिहून ठेवलंय "पिनियन घासलंय, सीटला प्ले आहे" (म्हणजे खुर्ची रेलवर सरकवणारं दातेरी चाक झिजलंय आणि सीट ढिली होऊन हलते) आणि हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही, ना त्याने ना ऑफिसने. सांगितलं असतं तर तुम्ही कदाचित बॅटरीवर खर्चच केला नसता. त्या बॅटरीचे सगळे पैसे परत करतोय, मशीन आमच्याकडून घ्या, दुसरीकडून घ्या नाहीतर घेऊच नका.

आता "चालतेय तर बदलायची कशाला" याबद्दल. 11 वर्षं झाली एवढ्यावरून कोणी मशीन बदलू नये, मीही सांगणार नाही. बॅटऱ्या तर संपणारच, 12 व्होल्टच्या दोन असतात आणि साधारण 3 ते 5 वर्षं जातात (गावाला जाताना मेन स्विच बंद करून गेलात किंवा खुर्ची चार्जिंग पॉइंट सोडून जिन्याच्या मधेच उभी ठेवलीत तर आधीच जातात, हे सगळ्यांनाच सांगतोय). बेल्ट, रिमोट, रोलर बदलता येतात. नुसता आवाज येतो, हळू चालते म्हणून कोणी नवीन मशीन गळ्यात मारायला आला तर दारातूनच परत पाठवा, आमचा माणूस असला तरी.

तुमच्या खुर्चीचं दुखणं वेगळं आहे. वर पोचल्यावर सीट जिन्यापासून वळवून लॉक करायची असते, म्हणजे उतरणारा माणूस सपाट जागेवर उतरतो. तो लॉक आता धरत नाही, खटका बसल्यासारखा वाटतो पण हाताने जोर दिला की सीट फिरते. म्हातारं माणूस उठताना हातावरच जोर देऊन उठतं आणि मागे अख्खा जिना असतो. हे बघून आमचा पोरगा घाबरला, पण नीट समजावून न सांगता एकदम नवीन मशीनचं बोलून मोकळा झाला, त्याबद्दल त्याला बोललोय.

दुसरं म्हणजे फूटरेस्टचा सेफ्टी स्विच कोणीतरी वायर जोडून बायपास केलाय. मशीन सारखी मधेच थांबत होती म्हणून लोकल इलेक्ट्रिशियनला बोलावलं होतं असं तुम्हीच फोनवर म्हणालात, तर ते हेच. पायरीवर चप्पल, काठी, नातवाचा पाय काहीही आलं तर थांबायचं हेच त्या स्विचचं काम आहे. आता ती थांबणार नाही.

लॉक आणि स्विच नवीन टाकून देता आले असते तर टाकलेच असते. त्या मॉडेलचे पार्ट कंपनीने बंद केलेत, आतला सर्किट बोर्डही मिळत नाही, आणि जुन्या मशीनचा काढलेला पार्ट मी जिन्याच्या खुर्चीला लावत नाही. "रेल तरी तोच ठेवा" म्हणालात. सरळ जिना असता तरी एका कंपनीच्या रेलवर दुसरीची खुर्ची बसत नाही, तुमचा तर वळणाचा आहे, तो रेल त्याच जिन्याच्या मापाने वाकवून आलेला असतो. खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो, हे खरंय आणि मलाही त्याचं वाईट वाटतं.

ऑर्डर देण्याआधी अजून एक बघा. खुर्ची वापरणाऱ्या तुमच्या आईंना बसायला उठायला किती जमतंय याबद्दल इथे सगळ्यांसमोर लिहीत नाही, पण पुढे व्हीलचेअर लागणार असेल तर परत खुर्चीच बसवण्यात अर्थ नाही, खालच्या मजल्यावर खोली करा किंवा छोटी होम लिफ्ट बसते का ते कोणाकडून तरी बघून घ्या. आम्ही होम लिफ्ट करत नाही, त्यामुळे यात आमचा फायदा नाही.

तोपर्यंत प्लीज खुर्चीची किल्ली काढून घ्या आणि स्वतःच्या खिशात ठेवा. ड्रॉवरमध्ये ठेवली तर आई शोधून काढतील, गेल्या वेळी तसंच झालं होतं.