चालता येतं ना?

“चालता येतं ना? मग झालं तर!”

हे आमच्या कप्तानाचं वाक्य. त्याला कप्तान कोणी नेमलेलं नाही, पण चौघांत नकाशा ज्याच्या खिशात असतो त्याच्याकडे हे पद आपोआप चालत येतं. थंडी नुकतीच सुरू झाली होती, डोंगरावर पहिला बऱ्यापैकी बर्फ पडला होता आणि स्नोशू घालून शिखर गाठायचं असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. स्कीइंग शिकावं लागतं, यात शिकायचं काय, असा त्याचा सवाल. मला चालता येतं. वयाच्या पहिल्या वर्षापासून येतं. त्या वेळी घरच्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. त्या घाईने वाजवल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

स्नोशूच्या नावात शू असला तरी तो बूट नव्हे. आपल्या बुटाखाली बांधायचं ते एक लांबट पसरट प्रकरण असतं. पूर्वी लाकूड वाकवून चौकट करायचे आणि तिच्यात कातड्याच्या वाद्या विणायचे. आता अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लास्टिक असतं आणि खाली धातूचे दात. ताज्या भुसभुशीत बर्फात सुमारे 90 टक्के नुसती हवा असते, म्हणजे आपण उभे असतो ते बहुतांशी अफवेवर. स्नोशू आपलं वजन जास्त जागेवर पसरवतो, म्हणून माणूस कमी बुडतो. ‘कमी’ हा शब्द कप्तानाने पुटपुटला असावा. मी ‘बुडत नाही’ असं ऐकलं होतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे आधी पाय पसरायचे, मग खाली अंथरूण आहे की विहीर ते कळतं.

पाय पसरायचे म्हणजे खरंच फाकवून टाकायचे. नाही फाकवले तर उजवा स्नोशू डाव्यावर पडतो. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेणारे पुष्कळ असतील. मी स्वतःच्या पायावर पाय दिला आणि वर तोच खालचा पाय उचलायला गेलो. पहिलं लोटांगण गाडीपासून दहा पावलांवर. दुसरं फोटोसाठी. “जरा मागे सर,” म्हणाला एकजण. स्नोशू घातलेल्या माणसाला मागे सरता येत नाही. मागची शेपटी बर्फात रुतते आणि सरतो तो फक्त वरचा भाग. उठायला हात टेकावा, तर हात खांद्यापर्यंत आत. शेवटी दोन काठ्या फुलीसारख्या आडव्या ठेवून त्यांवर जोर दिला, तेव्हा उभा राहिलो.

कपड्यांचं वेगळंच. “निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे,” असं कप्तानाने बजावलं होतं. थंडीच वाजवून घ्यायची तर घरात खिडकी उघडून बसलो असतो, असं म्हणून मी होतं नव्हतं ते सगळं अंगावर चढवलं. सगळ्यात आत सुती बनियन. वीस मिनिटांच्या चढात मी घामाने निथळत होतो, आणि दम खायला थांबल्याबरोबर तो बनियन माझ्याविरुद्ध गेला. सुती कापड घाम धरून ठेवतं, सोडत नाही. पाठीला कोणी ओलं फडकं गुंडाळून पंख्याखाली बसवावं, तसा मी डोंगरावर उभा होतो.

कोऱ्या बर्फात वाट पाडणाऱ्या पहिल्याचा जीव जातो, मागच्यांना आयता रस्ता मिळतो. म्हणून पाळी बदलतात. माझी पाळी जवळ आली की माझा पट्टा सैल व्हायचा. तिसऱ्यांदा तो सैल झाल्यावर मला सन्मानाने पुढे करण्यात आलं. साठ पावलं टाकली. एकसष्टावं पाऊल एका छोट्या सूचिपर्णी झाडाशेजारी पडलं आणि मी कमरेपर्यंत गडप झालो. हिवाळा सरत आला की बर्फ दबून घट्ट झालेला असतो म्हणे. सुरुवातीला मात्र त्याच्या पोटात झुडपं, ओंडके, दगड जसेच्या तसे असतात, आणि झाडाच्या फांद्यांखाली पोकळी राहते. पायाखालची जमीन सरकली म्हणायचीही सोय नव्हती, कारण जमीन मला अजून लागलीच नव्हती.

मग खडा चढ आला. तिथे टाचेखालची एक लोखंडी कडी उभी करतात, म्हणजे टाच उचललेली राहते आणि पोटऱ्या वाचतात. थोडक्यात, माणूस उंच टाचांवर डोंगर चढतो. माझ्या पिशवीतल्या पाण्याची नळी एव्हाना गोठून काडी झाली होती. कप्तानाची बाटली उलटी ठेवलेली. पाणी वरून गोठतं, म्हणून तोंड खाली ठेवावं, हे त्याने मला घटाघट पिता पिता समजावलं.

दीड वाजता जिथे असू तिथून परतायचं, असं ठरलं होतं, दिवस लहान. हा नियम मला अतिशय आवडला होता. बारापासून मी त्याच्या भरवशावर सावकाश चालत होतो. पण मागून ढकलणारे मित्र असल्यावर नियमाचं काही चालत नाही. एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही माथ्यावर होतो.

माथ्यावर ढग होता. खाली पांढरं, वर पांढरं, मधे चार नाकं लाल. हजार मीटर चढलं की तापमान साधारण 6.5 अंशांनी उतरतं, हे शाळेत पाठ केलं होतं. वारा त्यात काय भर घालतो ते परीक्षेला नव्हतं. पुराव्यासाठी फोन काढला. साठ टक्के बॅटरी दाखवून त्याने डोळे मिटले. मिनिटभरही न थांबता आम्ही उतरायला लागलो.

उतरणीबद्दल एवढंच, की ती बरीचशी बसून झाली.

गाडीशी आलो तर माझ्या स्नोशूंचे पट्टे गोठून घट्ट. बोटं बधिर. गाडीचं दार उघडून मी सीटवर बसलो, दोन्ही पाय बाहेर सोडले, आणि तिघे खाली गुडघे टेकून आळीपाळीने माझ्या पायांवर फुंकर घालू लागले. गाडीतल्या उबेने तेवढ्यात फोन जिवंत झाला. त्या मोहिमेचा एकमेव फोटो मी तेव्हा काढला: माझे दोन पाय, आणि त्यांच्यापाशी वाकलेल्या तीन लोकरी टोप्या. मधली कप्तानाची.