आकडा कमी आला म्हणून लगेच डोस वाढवू नका

अपस्माराच्या, म्हणजे झटके येण्याच्या आजाराच्या, औषधांवरच्या लेखात म्हटलंय की त्यातल्या फेनिटॉइन या औषधाची रक्तातली पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या टप्प्याच्या खाली गेली की डोस वाढवावा. एवढ्यावरच थांबू नका, अशी कळकळीची विनंती. हे औषध साधारण ९० टक्के रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं; मेंदूवर काम करतो तो उरलेला मोकळा भाग. नेहमीची तपासणी दोन्ही मिळून मोजते. अल्ब्युमिन घटलं की एकूण आकडा कमी दिसतो, मोकळं औषध मात्र पुरेसं असू शकतं.

माझ्या आईचं हेच झालं. रिपोर्टवर ७ आला. आजारपणाने अल्ब्युमिन उतरलेलं, ते कुणी पाहिलंच नाही. डोस वाढवला. थोड्याच दिवसांत ती भिंतीला धरून चालायला लागली, बोलताना जीभ अडखळायची, नजर बाजूला वळवली की बुबुळं थरथरायची. फेनिटॉइन पचवायची यकृताची क्षमता एका मर्यादेला संपते, मग डोस थोडासा वाढला तरी पातळी एकदम उसळते.

रक्त किती वाजता घेतलं, हेही रिपोर्टवर हवंच. शक्यतो सकाळच्या गोळीआधी. झटके थांबलेत, त्रास काही नाही, तर निव्वळ आकड्यासाठी गोळ्या बदलायची घाई कशाला? गरोदरपणात मात्र लॅमोट्रिजिन या झटक्यांवरच्या दुसऱ्या औषधाची पातळी बरीच उतरू शकते, तिथे मोजणं खरंच कामाला येतं. त्यावर लेखात एक ओळ तरी हवी होती.